चार जहाजांच्या दिवशी रिकामी पुळण

डिल्सिया बेर्नार्देस नोकरांच्या दारातून धक्क्यावर उतरली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तीनच्या ठोक्याला तिला परत जहाजावर हजर व्हायचं होतं. सात महिन्यांनी तिचे पाय रोआतान बेटाच्या जमिनीला लागत होते, आणि नेमकं त्याच दिवशी त्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

चार जहाजं लागली होती. दोन या धक्क्याला, दोन पलीकडच्या खाडीत. एकेकातून तीन-तीन, चार-चार हजार माणसं उतरत होती. डोक्यावर टोप्या, खांद्यावर निळे टॉवेल, काखेत हवा भरायच्या गाद्या, नाकाला पांढरं मलम फासलेली पोरं. ते टॉवेल डिल्सियाच्या चांगल्या ओळखीचे होते. आठव्या मजल्यावरच्या सोळा खोल्यांमधले तिने स्वतः पहाटे घड्या घालून ठेवले होते.

जहाजाचा मार्ग बदलून ते तिच्याच बेटाला यायला लागलं, त्याला दीड महिना झाला होता. तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा जहाजावर थांबायची पाळी तिच्या वाट्याला आली. कठड्याशी उभी राहून ती आपल्याच गावाकडचे डोंगर बघायची, आणि मग खाली जाऊन उशांचे अभ्रे बदलायची. आज चौथी खेप होती. आजही मुकादमीण काहीतरी निघालं म्हणून अडवेल या धास्तीने तिने पहाटे चारलाच कामाला हात घातला होता.

फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांच्या गर्दीत तिचा धाकटा भाऊ टोमास पिकअपच्या टपावर चढून हात हलवत होता. खाली सावलीत फाउस्तामावशी उभी होती. डिल्सियाची आई गेल्यापासून तिला आईच्या जागी हीच, आणि आता डिल्सियाच्या लेकीलाही सांभाळत होती तीच. मावशीच्या घागऱ्यामागून एक डोळा आणि अर्धी वेणी दिसत होती.

"इल्सी," डिल्सियाने हाक मारली.

पाच वर्षांची पोर मागून बाहेर आली, पाय जुळवून उभी राहिली आणि शाळेत बाई वर्गात आल्यावर म्हणतात तसं नीट, सावकाश म्हणाली, "ब्वेनोस दियास."

टोमास हसायला गेला आणि बहिणीचा चेहरा बघून गप्प झाला. डिल्सियाने उंबरठ्यावर आलेल्या पाहुणीसारखं त्या नमस्काराचं उत्तर दिलं. मिठी मारायला पुढे केलेले हात तिने मागे घेतले आणि पिशवीचा बंद उगाच नीट केला. तिची नजर पोरीच्या कपड्यांवर गेली. इतकं ऊन, अंगाची लाही होत होती, आणि इल्सीने पिवळा, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून.

त्या सदऱ्याचं कारण डिल्सियाला माहीत होतं. पाच महिन्यांपूर्वी मावशी मासे तळत असताना इल्सी मागून धावत आली आणि कढईतलं खोबरेल तेल तिच्या डाव्या खांद्यावर सांडलं. डिल्सिया तेव्हा भर समुद्रात होती. नंतर मावशी फोनवर दाखवायची, बघ, सुकत आलं, काही राहिलं नाही. पण माशासारखी पाण्यात राहणारी पोर त्या दिवसापासून समुद्रात शिरली नव्हती. शाळेतल्या कुणीतरी काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. फक्त एकदा फोनवर म्हणाली होती, "तू आलीस की समुद्रावर जाऊ. पण कुणी नसेल तिथे."

"कुणी म्हणजे कोण?" डिल्सियाने विचारलं होतं.

"कुणीच."

आणि सोळा खोल्या उरकून थकलेल्या डिल्सियाने फार विचार न करता हो म्हणून टाकलं होतं.

आता चार जहाजांच्या दिवशी कुणीच नसलेली पुळण शोधायची होती. बेट चिंचोळं, मोठा रस्ता एकच. पश्चिमेकडच्या पांढऱ्या वाळूचं नावही काढू नका, असं टोमासने सांगून टाकलं. तिथे या घडीला रुमाल टाकायला जागा नसेल. त्याच्या डोक्यात दुसरी एक जागा होती, वाटेवरच, कोळ्यांच्या वस्तीमागे. लहानपणी ते दोघं तिथे खेकडे धरायला जायचे. तिथे कोण येतंय, तो म्हणाला.

वीस मिनिटांनी ते पोचले तर वस्तीमागे नवीन कुंपण होतं, वेलींची कमान होती आणि कमानीखाली मनगटाला कागदी पट्ट्या बांधायला एक माणूस बसला होता. तो टोमासच्या ओळखीचाच निघाला. ओशाळून म्हणाला, जायचं तर जा बाबांनो, समुद्र काही कुणाच्या बापाचा नाही, पण आत तीनशे माणसं आहेत आणि अजून दोन बसा यायच्यात. कमानीतून गाण्याचा दणदणाट येत होता. इल्सीने गाडीतूनच आत बघितलं.  डाव्या हाताची बाही फक्त ओढून बोटांपर्यंत आणली आणि मुठीत धरली.

"इथे नको," डिल्सिया म्हणाली.

गाडी पूर्वेकडे निघाली. पुढच्या बाकावर चौघं दाटीवाटीने बसलेली, इल्सी मावशीच्या मांडीवर. डिल्सिया तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत होती. शाळेचं विचारलं, शेजारच्या मांजरीच्या पिल्लांचं विचारलं. पोर उत्तरं द्यायची, पण मावशीकडे बघून, जणू मावशी दुभाषी. मावशीही आज कधी नव्हे ती गप्प होती. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की टोमास गाडीचा रेडिओ बंद करून टाकायचा, एका वेळी एकच पुरे म्हणून. आज ती बाहेर बघत बसली होती. डिल्सियाच्याही मनात एक गोष्ट पाच महिने माशाच्या काट्यासारखी अडकलेली होती. गिळताही येत नव्हती, काढताही येत नव्हती. पोरीला मी तुझ्या हवाली करून गेले होते, मावशी. हे वाक्य तिने जहाजावरच्या आपल्या बंकवर पडून किती वेळा मनात म्हटलं असेल त्याला गणती नव्हती.

गाव, पुंता गोर्दा, आलं तेव्हा पावणेबारा होऊन गेले होते. आपल्याच घरासमोरची वाळू, तिथे तरी कोण असणार, असं डिल्सियाला वाटत होतं. पण वळणावरच ढोल ऐकू आले. तीन मोठ्या बसा नारळींखाली उभ्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने पाहुणे बसले होते आणि गावातल्या बायका रंगीत घागरे घालून नाचत होत्या. एरवी त्यांत फाउस्तामावशी सगळ्यांत पुढे असायची. तिच्या चुलत बहिणीने गाडी बघितली आणि नाचता नाचताच हाताने बोलावलं, ये ये, तुझ्यावाचून रंग नाही.

इल्सी मावशीच्या मांडीवरून घसरून खाली, पायांपाशी जाऊन बसली. गाडीच्या खिडकीच्या वर आपलं डोकं दिसू नये इतकी खाली.

टोमासने गाडी घराच्या आडोशाला नेली आणि यंत्र बंद केलं. मग भावाबहिणीची थोडी जुंपली. तो म्हणाला की पूर्वेच्या टोकाला मोठी पुळण आहे, तिथे जाऊ. डिल्सिया म्हणाली, जायला पाऊण तास, तिथून धक्क्यावर यायला दीड, आणि तीनला मी पोचले नाही तर जहाज माझ्यासाठी थांबणार आहे का? तो म्हणाला, मग तूच सांग. ती म्हणाली, घरात जाऊ, दार लावून बसू, आणखी काय. तिचा आवाज चिरकला. एवढ्या वेळात इल्सीने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसतं "माहीतच होतं" असं काहीतरी होतं. डिल्सियाला ते रागापेक्षा जास्त लागलं.

"बॉडनच्या मागे आहे एक जागा," फाउस्तामावशी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. कॅप्टन बॉडनचं नाव मावशीच्या तोंडून अठरा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी कॅप्टनचं डुक्कर मावशीच्या कसाव्याच्या कंदांच्या शेतात शिरलं होतं, मावशीने डुकराच्या पाठीत वल्हं घातलं होतं, आणि ते त्याच रात्री मेलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांची बोलचाल बंद होती. लग्नात नाही, मयतीत नाही.

मावशीने सांगितलं की कॅप्टनच्या जमिनीतून खाली उतरणारी एक वाट आहे. तिच्या तरुणपणी बायका कसावा किसून झाला की हातपाय धुवायला तिथे जायच्या. लहानशी पुळण, पाण्यात गवत वाढलेलं, संध्याकाळी चिलटं फोडून खातात, म्हणून पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. आणि रस्ता नाही म्हणून बसही जात नाही.

"आणि म्हाताऱ्याला कोण विचारणार?" टोमास म्हणाला. "मी नाही जात. तो अजून माझ्याकडे बघून थुंकतो."

"मी विचारीन," मावशी म्हणाली. "वल्हं मी मारलं होतं."

गावाबाहेर दहा मिनिटांवर कॅप्टनचं खांबांवर उभं असलेलं लाकडी घर होतं. ऐंशीचा म्हातारा ओसरीवर जाळं शिवत बसला होता. मावशी गाडीतून उतरली, गुडघा धरून दोन पायऱ्या चढली आणि तिसरीवर थांबली. बिन बोलावता ओसरीवर पाय टाकायचा नाही एवढा मान तिने राखला. डिल्सिया गाडीपाशी उभी राहून बघत होती. जहाजावरच्या सगळ्यांत मोठ्या साहेबापुढे उभं राहतात तशी, हात बांधून.

"मिस फाउस्ता," कॅप्टन जाळ्यावरून नजर न काढता म्हणाला. "अठरा वर्षांनी आलीस."

"तुमच्या दारातून खाली जायचंय, कॅप्टन. पुळणीवर."

"म्हणजे माझ्याकडे नाहीच आलीस. माझ्या दारातून जायला आलीस."

"दुसरं दार असतं तर आले नसते."

म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. गाडीकडे बघितलं. एव्हाना इल्सी दारात उभी होती, त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून.

"पोरीला ताप आहे?"

"नाही. तिला समुद्रात जायचंय, आणि तिथे कुणी असलेलं तिला नकोय. तिची आई त्या जहाजावरून आली आहे. अडीच तासांनी परत जायची आहे."  मग आवाज उतरवून म्हणाली, "भाजली आहे ती. माझ्या हातून."

कॅप्टन उठला. गुडघे कडकडल्याचा आवाज डिल्सियापर्यंत आला. त्याने खुंटीवरची किल्ली काढली, मावशीच्या बाजूने पायऱ्या उतरला आणि कुंपणाच्या फाटकाचं कुलूप उघडायला लागला. पाठ फिरवूनच म्हणाला, "चांगलं डुक्कर होतं ते, मिस फाउस्ता."

"चांगलंच होतं. माझा अर्धा कसावा खाऊन चांगलं झालं होतं."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. हसला की खोकला ते कळलं नाही. फाटक उघडून त्याने खुर्ची ओढून घेतली आणि नेमकी वाटेच्या तोंडाशी मांडली. "जा. मी इथे बसतो. कुणी येणार नाही."

वाट तिवरांच्या कडेने खाली उतरत होती. टोमासने टोपली घेतली आणि मावशीला हात दिला. पुढे इल्सी, तिच्यामागे डिल्सिया. झाडी संपली आणि पुळण दिसली. पाहुण्यांना दाखवायच्या चित्रांतली ती नव्हती. दोन होड्या शेजारी शेजारी ओढून ठेवाव्यात एवढी लांबी, करडी वाळू, काठाला वाळलेलं समुद्रगवत, एक आडवं पडलेलं झाड. पाणी मात्र काचेसारखं, लांबवर गुडघ्याएवढंच. माणूस नाही, आवाज नाही. साडेबारा वाजले होते. पावणेदोनला निघावं लागणार होतं.

इल्सीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पडलेल्या झाडामागे जाऊन वाकून बघून आली. कुणीच नव्हतं. तरी सदऱ्याच्या बटणाला तिने हात लावला नाही. पाण्यापासून चार पावलांवर येऊन उभी राहिली.

डिल्सिया तिला हाक मारणार एवढ्यात मावशी हळूच म्हणाली, "बोलावू नकोस. मांजर आणि पोर, बोलावलं की येत नाही."

मग डिल्सिया एकटीच पाण्यात गेली, होती त्या कपड्यांनिशी. कमरेएवढ्या पाण्यात पोचेपर्यंत चालत राहिली आणि तिथे काठाकडे पाठ करून खाली बसली, गळ्यापर्यंत पाण्यात. तिला लेकीकडे बघायचं होतं आणि तिने बघितलं नाही. बोटाएवढे मासे तिच्या पोटऱ्यांना तोंडं लावत होते. सात महिने ती पाण्यावर राहत होती आणि पाणी अंगाला लागलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मागे पाणी चुबकलं.

"तुझ्या जहाजावर पोहायचं पाणी आहे?" इल्सीने विचारलं. अजून दहा पावलं दूर होती.

"आहे. निळा हौद आहे मोठा. पण आमच्यासाठी नाही."

"मग तू कुठे पोहतेस?"

"कुठेच नाही. इथून गेले त्यानंतर नाही."

पोरीने यावर विचार केला. "मीपण नाही. खूप दिवस."

"विसरलीस?"

"माहीत नाही."

"मलापण माहीत नाही," डिल्सिया म्हणाली. "आधी कोण बुडतं बघू."

इल्सी खुदकन हसली आणि लगेच तोंड मिटलं, जणू ते हसू तिच्याकडून चुकून सांडलं. पण ती जवळ आली. दोघींनी हातपाय मारून बघितले. विसरली कुणीच नव्हती. फक्त तो सदरा आड येत होता. त्यात हवा भरली की उशीसारखा वर यायचा आणि पोरीचं तोंड झाकायचा, हवा गेली की ओला होऊन तिला खाली ओढायचा. दोनदा नाकात पाणी गेलं. तिसऱ्यांदा ती चिडून उभी राहिली, बाही झटकली आणि म्हणाली, "काढ हा."

ओली बटणं काजांतून निघत नव्हती. डिल्सियाची बोटं सफाईच्या औषधाने सोललेली, त्यांना खारं पाणी झोंबत होतं. एकेक करून तिने सगळी सोडवली आणि सदरा खांद्यावरून उतरवला.

फोनवर खांदा दिसला होता. खांद्यापासून कोपराखालपर्यंतचं तिने मनात धरलं होतं. पण ते मागेही उतरलेलं होतं, अर्ध्या पाठीवर. कातडी कुठे गुलाबी, कुठे काळसर, पिळलेल्या दोरीसारखी उंचसखल. पाठीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इल्सी मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत होती. खोलीत पाहुणा आला की चेहऱ्यावर आणायचं एक हसू डिल्सियाला जहाजावर शिकवलं होतं. ते ओठांवर यायला लागलं तसं तिने ते मागे सारलं. चेहऱ्याचं जे व्हायचं होतं ते होऊ दिलं.

"खूप दिसतं का?" इल्सीने विचारलं.

"हो. दिसतं."

"वाईट दिसतं?"

"मला बघून दुखलं. वाईट नाही दिसत."

"मला आता दुखत नाही. खाजतं."

"पाण्यात पण खाजतं?"

पोरीने हा विचार केलेला दिसत नव्हता. गुडघे वाकवून ती गळ्यापर्यंत खाली गेली, डोळे मिटून थांबली, परक्या घरी सरबताची चव घ्यावी तशी. "नाही," ती म्हणाली. "पाण्यात नाही."

मग डिल्सियाने तळहात पुढे केले आणि इल्सी त्यांच्यावर उताणी पडली. तिचं वजन हातांना कळत होतं आणि नव्हतंही. सात महिन्यांपूर्वीपेक्षा ती लांब झाली होती. टाचा आता आईच्या कोपरापलीकडे जात होत्या. आकाशाकडे बघत ती बोलत सुटली. मांजरीची तीन पिल्लं, त्यातलं एक आंधळं, टोमासमामाने त्याचं नाव ड्रायव्हर ठेवलंय. शाळेतली एक मुलगी, जी तिला म्हणाली होती की तुझा हात म्हाताऱ्या माणसाचा आहे. हेही तिने त्याच सुरात सांगितलं आणि पुढे गेली. डिल्सियाने तिला अडवलं नाही. वर झाडावर टोमास नारळ पाडत होता, तोंड मुद्दाम दुसरीकडे करून.

जरा वेळाने इल्सी एकटीच गवतात शिंपले धुंडाळायला लागली तशी डिल्सिया काठाला आली. मावशी पडलेल्या झाडावर समुद्राकडे पाठ करून बसली होती. टोपलीतला नारळाचा पाव तिने कापला होता, कापलेले तुकडे पुन्हा कापत होती.

"पाठीचं मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"फोन तिरका धरायचे मी. तू जहाजावरून उडी मारली असतीस." मावशीने सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी तीन जहाजं होती. बसवाले दारात उभे, पाहुण्यांचे मासे कधी होतात, मासे कधी होतात. ती मागून आली आणि मी वळले. एवढंच. अजून रोज वळते मी, डिल्सी. झोपेत पण."

पाच महिने पाठ केलेलं वाक्य डिल्सियाच्या जिभेवर होतं. तिने मावशीचे हात बघितले. उजव्या हाताच्या बोटांवर, तळव्यावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. पोरीच्या अंगावरचं तेल त्या हातांनी पुसलं होतं, हेही फोनवर कुणी दाखवलं नव्हतं.

"हेच माझ्या हातून झालं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस?" डिल्सियाने विचारलं.

"शिव्या घातल्या असत्या."

"मग समज, मी घातल्या."

"समजून नाही चालत. खरंच घाल."

डिल्सियाने तिच्याकडे बघितलं. मावशी थट्टा करत नव्हती. मग डिल्सियाने गारिफुनात, आपल्या बोलीत, एकच शब्द वापरला. लहानपणी पाण्याचा माठ फोडल्यावर मावशीने तिला उद्देशून वापरलेला. त्याचा अर्थ सांगण्यासारखा नाही. मावशीने तो खाली मान घालून ऐकला, आणि तिचा हनुवटीपासूनचा सगळा चेहरा थरथरायला लागला. पाच महिन्यांत ती रडली नव्हती. रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

डिल्सियाने तिला रडू दिलं. मग काखेत हात घालून उठवलं. मावशी म्हणत होती, गुडघे नाही चालत गं, माझं राहू दे. डिल्सियाने ऐकलं नाही. घागऱ्यासकट तिला पाण्यात नेलं. इल्सी पळत आली आणि दुसरा हात धरून म्हणाली, "आजी, घाबरू नकोस, इथे कुणी नाहीये बघायला." कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर मावशीचे गुडघे हलके झाले आणि ती एकदम म्हणाली, "अगं बाई, हे तर बरं आहे." त्यावर टोमास झाडावरून इतका हसला की खाली पडता पडता राहिला.

तळलेले मासे, हिरव्या केळ्यांचे काप आणि पाव त्यांनी ओल्या कपड्यांनीच खाल्ला. इल्सीने आपल्या वाट्यातला मासा आईला काटे काढायला दिला. पावणेदोन झाले तेव्हा घड्याळाकडे फक्त टोमासनेच बघितलं आणि तोही दहा मिनिटं गप्प बसला.

ती दहा मिनिटं परतीला महागात पडली. पाहुण्यांच्या सगळ्या बसा त्याच वेळी धक्क्याकडे निघाल्या होत्या आणि रस्ता एकच. टोमासने ओरडून कॅप्टनचे आभार मानले, गाडी पळवली, आणि पुढे जाऊन एका बसमागे अडकला. डिल्सियाचा जीव टांगणीला लागला होता. पण मांडीवर इल्सी झोपली होती, मिठाने चिकटलेली, सदरा अंगावर न घालता नुसता पांघरलेला, आणि त्या ओझ्याखाली तिला घाई नीट करताही येत नव्हती. तीनला नऊ मिनिटं असताना फाटक दिसलं.

"उठवू नकोस," मावशी कुजबुजली. "माझ्याकडे दे अलगद. झोपेत निघून गेलीस की तिला कळायचंही नाही."

सात महिन्यांपूर्वी निघताना डिल्सियाने तेच केलं होतं. पहाटे निजलेल्या पोरीच्या केसांना हात लावून निघून गेली होती, आणि इल्सी दिवसभर घरातली दारं उघडून बघत हिंडली होती. हे टोमासने तिला कितीतरी दिवसांनी सांगितलं होतं.

"नाही. उठवते," ती म्हणाली. तिने लेकीचे गाल चोळले. "इल्सी. ऊठ. मी जाते आता. माझ्याकडे बघ."

पोर उठली, क्षणभर काहीच कळलं नाही, मग कळलं. ती रडली. भोकाड पसरून, आजूबाजूचे टॅक्सीवाले आणि निळे टॉवेलवाले वळून बघेपर्यंत. आईच्या ओल्या कपड्यांना तिने दोन्ही मुठींनी धरलं होतं. सदरा खाली पडला होता आणि उघडा खांदा, उघडी पाठ सगळ्या धक्क्याला दिसत होती. तिच्या ते लक्षात नव्हतं. डिल्सियाने एकेक बोट सोडवलं, जशी बटणं सोडवली होती तसं, सावकाश, वेळ नसतानाही. करार संपायला दोनच महिने राहिले, असं सांगितलं. फाटकातून आत जाईपर्यंत तो रडण्याचा आवाज तिच्या पाठीवर येत राहिला, आणि छाती फुटत असूनही तो थांबू नये असंच तिला वाटत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी सोळा खोल्या पुन्हा आवरायच्या होत्या. एका खोलीतली बाई कुरकुरत होती की किनाऱ्यावर नुसती माणसंच माणसं, समुद्र दिसलाच नाही. डिल्सियाने मान हलवली, वाळू भरलेले टॉवेल गोळा केले आणि नवे ठेवले.

पुढच्या खेपेला तिची पाळी पुन्हा जहाजावर थांबायची आली. पण फोनवर बातम्या येत राहिल्या. कॅप्टन बॉडनने शनिवारी फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली होती आणि मावशी त्याच्यासाठी कसाव्याची भाकरी नेत होती, जरी दोघांचं वाटेत कशावरून तरी वाजायचंच. महिन्याभराने इल्सी गावातल्या पुळणीवरही, घरासमोर, बाकीच्या पोरांमध्ये पाण्यात शिरली. कधी सदरा घालून, कधी न घालता.